पैलवानाला आधी दिसतं ते काय?

दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीला कुस्त्यांचा फड भरतो, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जोड लागते, हातात हात जातात, खडाखडी होते, आणि एकाएकी एकाची पाठ मातीला लागते. आपण टाळ्या पिटतो. पण शेजारी बसलेला एखादा म्हातारा पैलवान क्षणभर आधीच “गेला!” म्हणून मोकळा झालेला असतो. बरं, त्याचे डोळे आपल्यापेक्षा अधूच; सुईत दोरा ओवायचा तर नातवाला हाक मारावी लागते. मग त्याला दिसलं ते काय?

या प्रश्नाचा इतिहास आखाड्यात नाही, वेधशाळेत सुरू होतो. १७९६ साली इंग्लंडातल्या ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख मास्केलिन यांनी किनब्रुक नावाच्या मदतनिसाला कामावरून काढलं. त्याचा अपराध एवढाच की दुर्बिणीतल्या रेषेवरून तारा सरकल्याची वेळ तो साहेबांपेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा नोंदवी. पुढं पंचवीसेक वर्षांनी बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने ताडून पाहिलं, तर निष्णात निरीक्षकांतही असा फरक पडतोच असं आढळलं. किनब्रुक बिचारा तोवर हयात नव्हता. पाहणं आणि पाहिल्याची नोंद होणं यांत वेळ जातो, ही गोष्ट शास्त्राला कळली ती अशी, एका गरीब नोकरदाराच्या पोटावर पाय देऊन.

मग मोजमापांची रीघ लागली. १८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगानं जातो ते मोजलं. १८६८ साली हॉलंडच्या डाँडर्स यांनी दाखवलं की नुसतं उत्तर देण्यापेक्षा निवड करून उत्तर देण्याला जास्त वेळ लागतो. १९२४ साली हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी प्रथम टिपल्या. अमेरिकेत १९२१ सालीच बेब रूथ या नामांकित बेसबॉलपटूला कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बसवून तपासलं होतं. त्याचे डोळे आणि हात सामान्यांहून चपळ निघाले. लोकांनी लगेच ठरवलं, ही उपजत देणगी. “त्याच्या रक्तातच आहे” असं आपणही म्हणतोच ना? माझ्या मते या एका वाक्यानं आपल्या खेड्यातल्या पोरांचं जितकं नुकसान केलं, तितकं मैदानाच्या अभावानंही केलं नसेल.

आता थोडा हिशेब करू. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. दिसलेल्या गोष्टीवर साधं बोट हलवायलाच आपल्याला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे बॅट फिरवायला उरलं काय? तरीही १९७१ साली सुनील गावसकर यांनी वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा केल्या, आणि त्या काळी डोक्याला शिरस्त्राणही नसे.

याचा उलगडा २००० साली लँड आणि मॅक्लिऑड या दोन इंग्रज संशोधकांनी केला. वेगवेगळ्या तयारीच्या तीन फलंदाजांच्या नजरेचा त्यांनी मागोवा घेतला. चेंडूवर सतत डोळा कुणीच ठेवत नव्हतं! चेंडू सुटताना पाहायचं, मग नजर थेट टप्पा पडणार त्या जागी नेऊन ठेवायची आणि तिथं वाट बघायची. उत्तम फलंदाजाची नजर तिथं इतरांच्या आधी पोचे. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच क्षेत्र. ते नख केव्हा कुठं न्यायचं, ही शिकण्याची गोष्ट आहे.

जपानात २००५ साली बेसबॉलपटूंची परीक्षा घेतली गेली. दिवा लागताच बटण दाबणं, या साध्या कामात सरावानं फरक पडला नव्हता. पण अमुक दिवा लागला तर दाबायचं आणि तमुक लागला तर हात आवरायचा, यात सरावलेले खेळाडू पुढं होते. सरावानं सुधारला तो निर्णय. इटलीतला २००८ सालचा प्रयोग तर मास्तरांनी मुद्दाम ऐकावा. बास्केटबॉल फेकतानाचं चित्र मध्येच थांबवून विचारलं: जाळीत पडेल की नाही? खेळाडूंनी चेंडू हातातून सुटण्याआधीच, मनगट-बोटांवरून, इतरांपेक्षा अचूक सांगितलं. शिक्षक आणि क्रीडापत्रकार मागं पडले. पाहण्याचा अनुभव त्यांनाही होता, पण खेळाडूंच्या बोटाच्या स्नायूंत, हात स्वस्थ असतानाही, चुकणारी फेक पाहताच वेगळा सूक्ष्म प्रतिसाद टिपला गेला. त्यांचं अंगही पाहत होतं म्हणायचं.

आपला म्हातारा पैलवानही असाच. प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याकडं बघू नको, कमरेकडं आणि पायाकडं बघ, असं वस्ताद सांगतो ते काही उगाच नव्हे. तोंड हुलकावणी देईल, वजन ज्या पायावर गेलं तो पाय देणार नाही.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, खो-खो खेळा आणि गणितात पहिले या. तसं होत नाही. हॉलंडच्या द ग्रूट यांनी १९४६ साली बुद्धिबळपटूंवरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांतले निष्णात खेळाडू पट पाच-दहा सेकंद पाहून जवळजवळ जसाच्या तसा मांडत. पण १९७३ साली चेस आणि सायमन यांनी सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, तेव्हा ती किमया जवळजवळ नाहीशी झाली. नजर तयार होते ती ज्या खेळाची, बहुतांशी त्याच खेळापुरती.

पण ती तयार व्हायला लागतं तरी काय? खो-खोचं पाहा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली त्याचे नियम बांधले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. आठ जण एका रांगेत, आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांब ओलांडल्याशिवाय सोडायची नाही. हात आवरणं आणि झेपावणं, दोन्हींचा धडा एकाच डावात. जपानी प्रयोगशाळेत दिव्यांनी विचारलेला प्रश्न इथं पाठीवरची थाप विचारते.

सामान म्हणाल तर दोन खांब आणि चुन्याची फक्की. सेनगाव-कळमनुरीकडच्या शाळांतून फिरताना मी फेब्रुवारीत मुद्दाम वेळापत्रक बघतो. दहावीच्या वर्गात शारीरिक शिक्षणाच्या तासावर रेघ मारून वर ‘गणित जादा’ लिहिलेलं असतं. मैदानावर खांब उभेच असतात, आणि त्यांना शेळ्या बांधलेल्या.