जिभेवरचा पांढरा थर

तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर दिसला की घरातल्या मोठ्यांचं निदान ठरलेलं असतं. "दूध आहे गं, पुसून घे." पुसून निघालं तर दूधच. निघालं नाही, किंवा निघताना खाली लालबुंद झालं, तर तो थ्रश. कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा प्रताप.

हिप्पोक्रेटसच्या काळातल्या वैद्यांनाही हे पांढरे चट्टे माहीत होते. कारण कळायला मात्र १८४० चं दशक उजाडलं. स्टॉकहोमच्या अनाथ बालकाश्रमातल्या फ्रेडरिक बर्ग या डॉक्टरने त्यात बुरशी पाहिली, आणि खात्री करायला तो थर चक्क निरोगी बाळांच्या तोंडात लावला! त्यांनाही थ्रश झाला. शोध पक्का, पण त्या बाळांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं हेही खरं.

पुढची शंभर वर्षं औषध म्हणावं असं फारसं काही नव्हतं. जेन्शन व्हायोलेट लावून जांभळी केलेली तोंडं जुन्या पिढीला आठवत असतील. त्यात १९४० च्या दशकात अँटिबायोटिक्स आली. त्यांनी जीवाणू मारले आणि मोकळ्या झालेल्या जागेत बुरशीचं फावलं.

इथे येतात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत, दोघी राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला. हेझन मातीतले सूक्ष्मजीव वाढवायची, बुरशी मारणारा सापडला की बरणी पोस्टाने ऑल्बनीला. ब्राउन त्यातलं नेमकं रसायन वेगळं करून परत पाठवायची. ई-मेल नाही, काही नाही, सगळा कारभार पोस्टावर! बहुतेक रसायनं बुरशीबरोबर उंदरांनाही मारायची. अखेर व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्यांच्या डेअरी फार्मवरच्या मातीत हवं ते सापडलं. १९५० मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. आधी ठरवलेलं नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतलेलं निघालं, मग न्यूयॉर्क स्टेटवरून 'निस्टॅटिन' केलं.

हे औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, जिथे लागतं तिथेच काम करतं. म्हणूनच ते तान्ह्या बाळांनाही देता येतं.

पेटंटचे १ कोटी ३० लाख डॉलर आले. दोघींनी स्वतःसाठी एक पैसा घेतला नाही, सगळे संशोधनाला दिले. १९६६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पूर आला, तेव्हा भिजलेल्या चित्रांवरची बुरशी काढायलाही निस्टॅटिनच वापरलं गेलं.