होन्वेद : हुकमानें जमविलेला संघ

खेळ आणि सक्ती हीं दोन परस्परविरोधी तत्त्वें आहेत, असें आपण सामान्यतः समजतों. जें स्वेच्छेनें व आनंदासाठीं करावयाचें त्याला आपण खेळ म्हणतों. जें हुकमानें, दंडाच्या भीतीनें करावें लागतें त्याला वेठ म्हणतों. असें असतांही विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपांत फुटबॉलचा एक असा संघ होऊन गेला कीं, तो जमला हुकमानें, पण त्याच्या खेळांत पाहणारांस हुकमाचा मागमूसही दिसला नाहीं. हंगेरीच्या सैन्याचा होन्वेद संघ तो हाच. त्याची कथा क्रीडेच्या इतिहासांत येते हें खरें. परंतु सत्तेला काय साधतें आणि काय साधत नाहीं, या जुन्या प्रश्नाचा विचार करणारांसही ती उपेक्षून चालणार नाहीं.

सैन्याचे फुटबॉल संघ आपणांस अपरिचित नाहींत. मुंबईची रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली. पुढें कित्येक वर्षें गोर्‍या पलटणींचे संघच ती जिंकीत, आणि १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक हिंदी लोकांच्या हातीं प्रथम आणला. परंतु त्या पलटणींतले खेळाडू आधीं शिपाई होते, नंतर खेळाडू. आणि शिपाईगिरी त्यांनीं पोटासाठीं कां होईना, आपण होऊन पत्करली होती. जेथें प्रत्येक तरुणास कांहीं काळ सैन्यांत काढावाच लागतो, तेथें गोष्ट निराळी होते. तेथें देशांतील यच्चयावत् खेळाडू कधीं ना कधीं सेनापतींच्या कक्षेंत येतातच. इतर संघांनीं ज्याला वाढवावें, शिकवावें, नांवारूपास आणावें, त्याला सैन्यानें भरतीचा एक कागद पाठवून बोलावून घ्यावें, इतकें तें सोपें असतें.

दुसर्‍या महायुद्धानंतर पूर्व युरोपांत जीं साम्यवादी राज्यें स्थापन झालीं, त्यांना हा मोह आवरला नाहीं. मॉस्कोचा लष्करी संघ त्यांच्यापुढें आदर्श म्हणून होताच. बुखारेस्ट येथें १९४७ सालीं, प्राग व सोफिया येथें १९४८ सालीं सैन्याचे नवे संघ निघाले. प्रागचा संघ पुढें दुक्ला या नांवानें प्रसिद्धीस आला. १९६२ सालीं युरोपांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरलेला मासोपुस्त हा मुळांत लष्करी सेवेच्या निमित्तानेंच या संघांत आला आणि तेथेंच राहिला. परंतु भरतीच्या कागदाचा उपयोग हंगेरीइतक्या पद्धतशीरपणें व इतक्या यशस्वीपणें अन्यत्र क्वचितच झाला असेल.

१९४९ सालीं राकोशीच्या नेतृत्वाखालीं हंगेरींत एकपक्षीय राज्य स्थिर झालें आणि कारखान्यांप्रमाणें खेळाचे संघही सरकारी खात्यांत वांटले गेले. एमटीके हा संघ गुप्त पोलिसांकडे गेला, उय्पेश्त पोलीसखात्याकडे. फेरेन्त्सवारोश हा सर्वांत लोकप्रिय संघ. पण त्याच्या अनुयायांत राष्ट्रवादी वृत्तीचे लोक फार, म्हणून राज्यकर्त्यांस त्याचा विश्वास वाटेना. १९५० सालीं त्याचें नांव बदललें आणि त्याचा हिरवा-पांढरा रंगही काढून घेण्यांत आला. सैन्यानें आपल्यासाठीं निवडला तो बुडापेस्टच्या वेशीवरील किशपेश्त या उपनगराचा लहानसा संघ. त्या संघांत पुश्काश व बोझिक हे दोन अलौकिक खेळाडू आधींच होते. डिसेंबर १९४९ मध्यें त्याचें ‘होन्वेद’ असें नवें नामकरण झालें.

हा शब्दही साधा नाहीं. त्याचा अर्थ स्वदेशरक्षक. १८४८ सालीं ऑस्ट्रियाच्या बादशहाविरुद्ध हंगेरीनें जें स्वातंत्र्ययुद्ध मांडलें, त्यांतील राष्ट्रीय सैनिकांस हें नांव होतें. आणि १८४९ मध्यें रशियाच्या झारचें सैन्य ऑस्ट्रियाच्या मदतीस आल्यावरच त्यांचा मोड झाला. रशियाच्या छत्राखालीं वावरणार्‍या राज्यानें आपल्या फुटबॉल संघास हें नांव द्यावें, यांतील विसंगति त्या वेळीं कोणी उघड बोलून दाखविली नसेल. ती पुढें इतिहासानेंच दाखविली.

या सर्व योजनेचा लाभ उठविणारा पुरुष म्हणजे गुस्ताव शेबेश. तो क्रीडाखात्याचा उपमंत्री होता आणि राष्ट्रीय संघाचा मार्गदर्शकही. १९३० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रिया व इटली यांचे जे विजयी राष्ट्रीय संघ झाले, त्यांतील बहुतेक खेळाडू एकदोन संघांतलेच होते, हें त्यानें हेरलें होतें. अकरा उत्तम खेळाडू वर्षांतून चारदां एकत्र आणून भागत नाहीं. ते वर्षभर एकत्र खेळले पाहिजेत, असा त्याचा सिद्धांत. मग फेरेन्त्सवारोशच्या कोचिश व बुदाई या दोघांस लष्करी सेवेचें बोलावणें गेलें व ते होन्वेदचे झाले. त्सिबोर, गोलरक्षक ग्रोशिच आणि बचावाचा आधारस्तंभ लोरांत हेही त्याच छत्राखालीं आले. ही सेवा नांवाचीच होती. त्यांना हुद्दे मिळाले, पगार मिळाला. काम मात्र चेंडूचें. पुश्काश मेजर झाला, पण त्यानें पलटण हांकल्याचें कोणी सांगत नाहीं. परदेशांतून येतांना हे वीर आपल्या सामानांतून दुर्मिळ वस्तु आणीत आणि जकातीचे अधिकारी तिकडे काणाडोळा करीत. ज्या देशांत सामान्य माणसाला सरहद्द ओलांडणें अशक्य होतें, तेथें ही सवलत लहान नव्हती.

हुकमानें कांहींच साधलें नाहीं असें म्हणणें सत्यास सोडून होईल. होन्वेदनें १९५० ते १९५५ या काळांत पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें हंगेरीनें ऑलिंपिकचें सुवर्णपदक जिंकलें. २५ नोव्हेंबर १९५३ या दिवशीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडचा ६–३ असा पराभव झाला. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून इंग्लंड स्वगृहीं हरण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या दिवशींच्या अकरांपैकीं सात जण होन्वेदचे होते. न पाहतां चेंडू देणें आणि जेथें सहकारी नुसता निघाला आहे तेथें तो आधींच पोंचविणें, ही किमया रोजच्या सहवासाशिवाय येत नाहीं. शेबेशचा सिद्धांत येथें खरा ठरला.

तरीही त्या खेळाचा उगम सैन्याच्या कचेरींत शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं. पुश्काश आणि बोझिक हे लहानपणापासूनचे शेजारी. किशपेश्तच्या मैदानावर त्यांची जोडी जमली तेव्हां त्यांना कोणी हुकूम केला नव्हता. मध्यवर्ती आघाडीच्या खेळाडूनें मागें राहून प्रतिपक्षाचा बचाव गोंधळवून टाकावा, ही वेम्ब्लीस इंग्रजांस चकविणारी कल्पना एमटीकेच्या मैदानावर वाढली, आणि ती तेथें अमलांत आणणारा हिदेगकुटी होन्वेदचा नव्हताच. कोचिश व त्सिबोर यांना फेरेन्त्सवारोशनें घडविलें होतें. सैन्यानें पेरलें कांहीं नाहीं. दुसर्‍यांच्या शेतांतलें तयार पीक एका कोठारांत आणून ठेवलें, एवढेंच. कोठार बांधणें हीही एक कला आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तिला शेती म्हणूं नये.

या कोठाराची किंमत कोणीं दिली, हेंही पाहिलें पाहिजे. ज्या संघांतून माणसें नेलीं, त्यांनीं ती प्रथम दिली. पण सर्वांत भयंकर किंमत दिली ती उय्पेश्तच्या शांडोर स्यूच या खेळाडूनें. राष्ट्रीय संघांतून खेळलेला हा तरुण आपल्या प्रेयसीसह देश सोडून जाण्याच्या प्रयत्नांत पकडला गेला. त्याचा संघ पोलिसांचा, म्हणून तोही कागदोपत्रीं गणवेशांतला माणूस. सबब त्याच्यावर लष्करी न्यायालयांत खटला चालला आणि १९५१ सालीं त्याला फांशी देण्यांत आलें. जिंकणारास ढाल म्हणून मिळालेला गणवेश पळणाराच्या गळ्यांत फांस कसा होतो, हें त्या एका मृत्यूनें सर्व खेळाडूंस शिकविलें. १९५४ सालीं बर्न येथें जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत हंगेरी पश्चिम जर्मनीकडून ३–२ असा हरला, तेव्हां बुडापेस्टच्या रस्त्यांवर लोक खवळून उठले. पुढें ग्रोशिचवर राष्ट्रद्रोहाचा संशय घेऊन त्याची चौकशी झाली व पुराव्याअभावीं ती सोडून द्यावी लागली. खेळ राज्याचा झाला कीं, खेळांतली हार राज्यद्रोह ठरूं लागते.

त्याच वर्षीं डिसेंबरांत होन्वेद इंग्लंडमध्यें वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाशीं खेळला आणि दोन गोलांची आघाडी घेऊनही ३–२ असा हरला. एका इंग्रजी वृत्तपत्रानें विजेत्यांस जगज्जेते म्हटलें. तें फ्रान्सच्या क्रीडालेखक हानोस मानवेना, आणि अशा दाव्यांचा निकाल लागावा म्हणून त्यानें पुढें रेटलेल्या योजनेंतून १९५५ सालीं युरोपीय चषकाची स्पर्धा निघाली.

त्याच स्पर्धेनें होन्वेदचा शेवट पाहिला. २३ ऑक्टोबर १९५६ रोजीं बुडापेस्टमध्यें क्रांतीचा उठाव झाला. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाड्यांनीं तो चिरडण्यास आरंभ केला. १८४९ सालचा प्रसंग जणूं पुन्हां आला. स्वदेशरक्षक हें नांव मिरविणारा संघ त्या वेळीं स्पेनमधील बिल्बाओ येथील सामन्यासाठीं देशाबाहेर पडला होता. तो सामना ३–२ असा गेला. परतीचा सामना बुडापेस्टमध्यें होणें शक्य नव्हतें. तो २० डिसेंबरला ब्रुसेल्स येथें झाला. गोलरक्षक जखमी झाला, बदली खेळाडू घेण्याची तेव्हां मुभा नव्हती, म्हणून त्सिबोरनें गोल राखला. तरीही त्यांनीं ३–३ अशी बरोबरी साधली. एकूण एका गोलानें होन्वेद स्पर्धेबाहेर गेला.

यापुढील महिने हा या कथेचा गाभा होय. परत या, असा स्वदेशांतून आग्रह होता. परंतु हा संघ कित्येकांच्या कुटुंबियांसह युरोपांत फिरत राहिला आणि नंतर बेला गुटमन या मार्गदर्शकाबरोबर आंतरराष्ट्रीय फुटबॉल मंडळाची मनाई झुगारून ब्राझिलांत जाऊन खेळला. आतां मेजर कोणाच्या हुकमांत नव्हता. सात वर्षांत पहिल्यानेंच प्रत्येकाला आपला निर्णय आपणच घ्यावयाचा होता. बोझिक परत गेला, बुदाई परत गेला. पुश्काश, कोचिश व त्सिबोर गेले नाहींत. बालपणापासूनचे दोन सोबती येथें दोन वाटांनीं गेले, आणि आम्हांस तरी यांतील कोणालाही शूर वा भ्याड म्हणण्याचें धैर्य होत नाहीं. पुश्काशवर बंदी आली. तो १९५८ सालीं रेआल माद्रिदमध्यें दाखल झाला आणि १९६० च्या युरोपीय अंतिम सामन्यांत त्यानें एकट्यानें चार गोल केले. कोचिश व त्सिबोर बार्सिलोनास गेले. होन्वेदला पुढचें राष्ट्रीय विजेतेपद मिळण्यास १९८० साल उजाडावें लागलें.

सक्तीची सेवा आणि फुटबॉल यांची सांगड आजही आहे. दक्षिण कोरियांत सांगमू या लष्करी संघांत व्यावसायिक खेळाडू आपल्या सेवेचा काळ घालवितात. मुदत संपली कीं ते आपापल्या मूळच्या संघांत परत जातात. त्यामुळें तेथील संघ दरवर्षीं बदलतो. २०२४ सालीं तो राष्ट्रीय साखळींत तिसरा आला, तरी आशियाच्या स्पर्धेंत त्याला प्रवेश नव्हता. मात्र तेथें जाणाराला परतीचा दिवस ठाऊक असतो. सक्ती तेथेंही आहेच. पण तिला मुदत आहे, आणि जेथून माणूस आणला तेथील हक्क ती बुडवीत नाहीं. होन्वेदच्या बाबतींत सेवा हें निमित्त होतें आणि माणूस कायमचा हवा होता. दोन्ही ठिकाणीं कागद एकच. पण पहिल्या ठिकाणीं तें देणें आहे, दुसर्‍या ठिकाणीं तें हरण होतें.

पुश्काश १९८१ सालीं मायदेशीं पाऊल ठेवूं शकला. २००६ सालीं तो वारला तेव्हां बुडापेस्टच्या सेंट स्टीफनच्या महामंदिरांत त्याला पुरण्यांत आलें. राष्ट्रीय क्रीडांगणाला आज त्याचें नांव आहे, तर किशपेश्तच्या क्रीडांगणाला परत आलेल्या बोझिकचें. हुकमाला माणसें एकत्र आणतां येतात, आणि एकत्र आलेल्या माणसांकडून कधीं कधीं अपूर्व असें कांहीं घडतें, हें होन्वेदच्या इतिहासावरून मान्य करावेंच लागतें. पण माणसें टिकवून धरणारी शक्ति हुकमांत नसते. सरहद्द एकदां उघडी मिळतांच सात वर्षांचें तें कोठार थोड्याच महिन्यांत रिकामें झालें. राहिली ती किशपेश्तच्या मैदानावर कोणाच्याही हुकमावांचून जडलेली दोन मुलांची मैत्री, आणि तिचीच नांवें आज त्या शहराच्या दोन मैदानांवर कोरलेलीं आहेत.