भुकेल्याचा हेतू : दुष्काळ, मिशन आणि भाकरीचा प्रश्न (दीर्घ धागा)

‘भाकरीसाठी बाटले.’ एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या गरिबांविषयी हे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले गेले, की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास फारशी वाटली नाही. इंग्रजीतही त्यासाठी ‘राइस ख्रिश्चन’ असा तयार शब्द होता. या धाग्यात पाहायचे आहे ते असे, की धर्मदाय मदत घेणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे की नाही, हे त्या काळी कोण ठरवीत होते, आणि देणाऱ्याचा हेतू कोणी तपासला का?

सुरुवात १८७६-७८ च्या दुष्काळापासून करू. दख्खनमध्ये ज्वारी-बाजरी जळाली आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. मात्र माणूस खरोखरच उपाशी आहे की फुकटची मजुरी लाटण्यास आला आहे, अशी शंका सरकारला सतत सतावीत होती. म्हणून कसोट्या आल्या : काम कष्टाचे, छावणी गावापासून लांब, मजुरी किमान. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी ती दिवसाला जेमतेम रतलभर धान्याच्या आसपास आणली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. भुकेल्यावरील अविश्वास हा केवळ धर्मांतराच्या विरोधकांचा गुण नव्हता, हे येथेच नोंदवून ठेवावे. तो राज्यकर्त्यांच्या नियमांत लिहिलेला होता.

मिशनरीही या संशयातून सुटले नव्हते. त्याच दुष्काळात तेलुगू मुलुखात ओंगोल येथे जॉन क्लफ या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे तीन मैल खोदाईचे कंत्राट घेतले, हजारोंना काम दिले. पण दुष्काळ चालू असेतो बाप्तिस्मा देणे थांबविले. अन्नासाठी कोणी ख्रिस्ती होऊ नये, ही चिंता. कामे संपल्यावर, ३ जुलै १८७८ रोजी, एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. मदत संपल्यावरही ही माणसे आली, हा त्यांच्या निष्ठेचा पुरावा मानला गेला. पुरावा बराच वजनदार आहे. तरीही एक गोष्ट खटकते : दुष्काळात ज्याने पोटाला आधार दिला, त्याच्यावर माणसाचा विश्वास बसणे आणि त्या विश्वासातून त्याच्या देवाकडे वळणे, यात अप्रामाणिक काय? भाकर आणि श्रद्धा यांची इतकी काटेकोर वाटणी पोटभर जेवलेलाच माणूस करू शकतो.

दख्खनमध्ये या दुष्काळानंतरच्या दशकांत अहमदनगर जिल्ह्यातील गावांतून महार आणि मांग समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांच्या हेतूंत भाकर होती, शाळा होती, गावकीच्या अपमानातून सुटण्याची आशा होती आणि श्रद्धाही होती. ब्राह्मण धर्मांतरिताच्या बाबतीत ‘विचारांती’ हा शब्द वापरला जाई आणि महाराच्या बाबतीत ‘पोटासाठी’. या शब्दयोजनेत हेतूंच्या परीक्षेपेक्षा जातीचा भाग अधिक दिसतो.

देणाऱ्याच्या हेतूकडे नजर वळविणारे एक नाव मात्र या दुष्काळाच्याही आधीचे आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून होते. १८५४-५५ मध्ये त्या मिशनच्या बोस्टन येथील मंडळाचे सचिव रुफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. परदेशी पैशावर उभी राहिलेली मंडळी परदेशी पैशाचीच राहते, असा त्यांचा आक्षेप होता. स्थानिक मंडळीने आपल्या पाळकाचा पगार आपणच द्यावा, आपला कारभार आपणच पाहावा, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी शाळांत मुले नोकरीसाठी येतात, धर्मासाठी नव्हे, म्हणून त्या शाळांवरही त्यांनी कात्री चालविली. येथे हेतुशुद्धीचा हा सोस शिकू इच्छिणाऱ्या मुलांच्या मुळावर आला, हेही खरे.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. सत्तरीच्या दशकातील दुष्काळी वणवणीत त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण दगावली. भूक त्यांनी पुस्तकातून जाणलेली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पैसा अमेरिकेतील देणगीदारांचा, धोरण धार्मिक तटस्थतेचे. सदन पुण्यास गेल्यावर रमाबाईंच्या खोलीतील प्रार्थनेस काही मुली येऊन बसू लागल्या. आपण कोणास बोलावीत नाही, पण खोलीचे दारही लावून घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. १८९३ मध्ये वाद पेटला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे दोन्ही बाजूंना काही आधार आहे. जिला दुसरे घरच नाही, अशा बालविधवेसमोर उघडे असलेले दार कितपत ‘केवळ उघडे’ असते, हा टीकाकारांचा प्रश्न रास्त होता. पण तो विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या मुलींसाठी आपल्या घराचे दार उघडले होते? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. ती वस्ती उघडपणे ख्रिस्ती होती. तटस्थतेचा पडदा आता राहिला नव्हता, आणि त्यामुळे हेतूविषयीचा वादही एका अर्थाने सोपा झाला होता.

राहिले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी देशी पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. घर, पत्नी, आप्त सारे त्या दिवशी तुटले. लक्ष्मीबाई काही वर्षांनी परतल्या, तरी आरंभी त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी नगरला मिशनची दोन दशके सेवा केली, ‘ज्ञानोदय’चे मराठी संपादन केले, भजने आणि अभंग रचले. त्यांच्यावर भाकरीचा आरोप टिकण्यासारखा नव्हता. तरी पगार मिशनचा होता, आणि पगारी उपदेशकाकडे लोक पगारी माणूस म्हणूनच पाहतात, ही बोच त्यांना होती.

१९१७ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते साताऱ्यास गेले आणि तेथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. अँडरसन यांनी परदेशी पैशाचा प्रश्न मंडळीच्या हिशेबवहीत सोडवू पाहिला होता. टिळकांनी तो स्वतःच्या संसारावर घेतला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, त्यामुळे दरबाराला त्यांच्या हातून दोन वर्षेही पुरती लाभली नाहीत. पण त्याचा एक नियम या साऱ्या वादाच्या पार्श्वभूमीवर वाचण्याजोगा आहे : त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, आणि न घेतलेल्यांनाही.