निम्मे बळ

दिवाळी अंकात व्यायामाविषयी लिहावयास बसणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एरंडेलाची बाटली काढण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. हे लिहितानासुद्धा चकलीचा डबा माझ्या हाताच्या अंतरावर आहे. तरीही व्यायाम आरंभावयाचा तर तो याच मोसमात, आणि हे मत माझे नव्हे, वाग्भटाचे आहे. बळ असलेल्या, स्निग्ध खाणाऱ्या माणसाने थंडीत आणि वसंतात निम्म्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे त्याने 'अष्टांगहृदया'त सांगून ठेवले आहे. थंडी आता दाराशी आलीच आहे. स्निग्ध पदार्थांची तर या आठवड्यात कुठल्याच घरी ददात नाही. राहता राहिले ते निम्म्या शक्तीचे, आणि माझी सारी फजिती झाली ती तिथेच.

तीन हिवाळ्यांमागची गोष्ट. माझे वजन ९२ किलो भरले होते. वर्गातली मुले पाठीमागे मला 'टेकडीचा गणपती' म्हणत. नागपूरकराला हा तसा बहुमानच वाटावा, पण डॉक्टरांना तो मानवला नाही. रक्तदाब मोजून त्यांनी सांगितले, वजन उतरवा. झाले! घरी आलो, माळ्यावर चढलो आणि आजोबांची जोडी खाली काढली. आजोबा महालातल्या तालमीत घुमलेले. त्यांचा नातू म्हणून पहिल्याच पहाटे पन्नास जोर, शंभर बैठका आणि वर जोडीचे हात. जेवण अर्ध्या भाकरीवर आणले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर तारीख लिहावयास हात वर केला तो कमरेत अशी काही कळ आली की, मी तिथेच खडूसकट थिजलो. मुलांना वाटले, मास्तर काही आठवताहेत.

"अहो, आजोबांची जोडी फिरवायला आजोबांचे खांदे लागतात," एवढेच बोलून सौभाग्यवतीने शेकायची पिशवी आणून दिली.

कंबर सुटल्यावर व्यायाम सोडला, उपास मात्र चालू ठेवला. दोन महिन्यांत सहा किलो उतरले, पण शाळेचा जिना चढताना मांड्या पूर्वीपेक्षा जास्त भरून येऊ लागल्या. हे कोडे मला त्या वेळी उलगडले नव्हते. आज कोणीही जाणता डॉक्टर सांगतो की, नुसत्या उपासाने वजन उतरविले तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. पैसे वाचविण्यासाठी घराच्या तुळया विकण्यातलाच तो प्रकार.

शेवटी आजोबांच्या तालमीतल्या एका वृद्ध वस्तादांकडे गेलो. त्यांनी माझी कहाणी ऐकली आणि मिशीतल्या मिशीत हसले. "गुरुजी, पहिल्या दिवशी पन्नास जोर कोनं सांगतले जी तुम्हाले? नव्या पोराले आम्ही आधी निस्ती माती खनाले लावतो. आंग जागं तं होऊ द्या!"

त्यांच्या या एका वाक्याने मला पुस्तकांकडे धाडले. मास्तराची खोड, दुसरे काय! कादंबरीचे काम बाजूला ठेवून मी व्यायामाचा इतिहास वाचत बसलो. नवल असे की, जिथे जिथे कोणी अंगाचा विचार नीट केला होता, तिथे तिथे वस्तादांचेच म्हणणे निराळ्या कपड्यांत भेटले.

चरकाने निंद्य शरीरांची यादी दिली आहे. तीत अतिस्थूल आणि अतिकृश असे दोघेही आहेत, आणि दोघांत कृश बरा असाही शेरा त्याने मारला आहे. लठ्ठ माणसाला अन्न कोणते द्यावे? तर पचावयास जड, पण अंगी चरबी न वाढविणारे. म्हणजे पोट भरल्यासारखे राहावे आणि देह मात्र फुगू नये. उपाशी ठेवा, असे तो म्हणत नाही. पुढे जागरण, व्यायाम, चिंतन हे सारे वाढवावे म्हणतो, आणि तिथे एक शब्द घालतो, 'क्रमाने'. मी त्या शब्दाखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आहेत. माझी कंबर त्या एका शब्दावाचून गेली होती.

निम्मी शक्ती ओळखावी कशी, हे सुश्रुताने सांगितले आहे. व्यायाम करताना हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की निम्मे बळ खर्ची पडले असे समजावे. हल्लीचे डॉक्टर सांगतात की, बेताचा व्यायाम तो, ज्यात माणसाला बोलता येते पण गाता येत नाही. दोन्ही कसोट्यांना ना घड्याळ लागते, ना यंत्र. आणि अतिरेक करणाऱ्याची गत काय? हत्तीला ओढू जाणाऱ्या सिंहासारखी, असे वाग्भट म्हणतो. आजोबांची जोडी फिरविणाऱ्या मास्तराची उपमा त्याला सुचली नाही, एवढेच.

आता तालमीकडे वळू. तालीम म्हणजे नुसता दांडगावा, हा शिकल्यासवरल्या लोकांचा जुना गैरसमज आहे. हौद्यातली माती खणणे हाच मुळी पाठ, खांदे आणि मांड्या यांचा पहिला धडा. मग बैठका, मग जोर, मग हलकी जोडी, मग भारी करेल, आणि कुस्ती त्यानंतर. मल्लखांब तर माणसाला स्वतःचेच वजन तोलावयास शिकवितो. तो पुन्हा लोकांपुढे आणण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना देतात. तालमीचे दोषही मी झाकणार नाही. खुराकाचे वेड हा त्यातला मोठा. व्यायाम सुटतो, पण दूध, तूप, बदाम सुटत नाहीत, आणि कालचा पहिलवान चाळिशीत पिंपासारखा दिसू लागतो. शिवाय वस्तादाच्या मर्जीवर सारे अवलंबून. वस्ताद शहाणा असला तर क्रम, नसला तर चढाओढ.

हा क्रम वस्तादाच्या मर्जीतून काढून अभ्यासक्रमात बसविण्याचे मोठे काम आमच्या विदर्भातच झाले. अमरावतीला १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. गावोगावच्या तरुणांना तिथे व्यायाम 'शिकविण्याचे' शिक्षण मिळू लागले. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये आपले देशी व्यायाम आणि खेळ करून दाखविले. लोक बर्लिनचीच आठवण काढतात. मला मात्र त्या दिग्विजयापेक्षा तालुक्याच्या शाळेत परतलेला, मुलांना पहिल्या दिवशी पाचच बैठका घालावयास लावणारा, नाव नसलेला शिक्षक मोठा वाटतो. (जातभाईंचा अभिमान, वाचकांनी क्षमा करावी.)

त्याच काळात पश्चिमेकडून युजीन सँडोचे वारे आले होते. १९०४-०५ च्या सुमारास तो स्वतः हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही सँडोच्या साधनांवर बरीच वर्षे मेहनत केली आणि मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले, ते कायमचे. आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यांवर पुस्तक लिहिले आणि बायकांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. ज्या काळात घरंदाज बाईने दम लागेपर्यंत चालणेही लोकांना रुचत नसे, त्या काळात एका राजाने हे म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि आता मला सर्वांत भावलेली जोडगोळी. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. दोघांचाही जन्म १८८३ चा. एक आपले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, जन्म गुजरातेत डभोईला. दुसरा जोसेफ पिलाटिस, जन्म जर्मनीत म्यंशनग्लाडबाख गावी.

गुण्यांनी बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात देशी व्यायामाचे धडे घेतले, माधवदासजी महाराजांकडे योग शिकले आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके होते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजण्याची उपकरणे आणविली. साधूच्या गुहेतली विद्या त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली. पुढे शाळांसाठी त्यांनी योगाचे सांघिक वर्गही आखून दिले.

पिलाटिस लहानपणी दम्याने आणि मुडदुसाने पिडलेला. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत कोंडले. तिथे त्याने बरोबरच्या कैद्यांना व्यायाम शिकविला. आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्यांना पडल्या पडल्या हातपाय हलवावयास शिकविले, अशीही आख्यायिका आहे. १९२६ साली तो न्यू यॉर्कला गेला आणि आपली पत्नी क्लारा हिच्यासह त्याने व्यायामशाळा मांडली. दुखावलेले नर्तक-नर्तकी त्याच्याकडे येऊ लागले. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणे, म्हणजे आपल्या भाषेत संयमशास्त्र. आज ती त्याच्या आडनावानेच जगभर चालते. तिचा गाभा काय? पोट आणि कंबर यांभोवतीचे स्नायू आधी जागे करा, श्वासाबरोबर सावकाश हला, दहा वेळा वेडेवाकडे करण्यापेक्षा तीन वेळा नीट करा. कुवलयानंद १९६६ मध्ये गेले, पिलाटिस १९६७ मध्ये. दोघांनीही पोटाचा घेर न पाहता पोटाचे काम पाहिले.

वजने उचलण्याच्या व्यायामाला वैद्यकाचा दाखला मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. थॉमस डेलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांचे वाळलेले पाय वजने उचलून भरून आणले, आणि १९४५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने रीत बसविली ती अशी : जे वजन दहाच वेळा उचलता येते ते शोधावे, पहिली फेरी त्याच्या निम्म्याने, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. निम्म्याने! मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. सुश्रुताचे निम्मे आणि डेलॉर्मचे निम्मे एकच, असा दावा मी करीत नाही. आपल्याकडे सगळे आधीच होते म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. सुश्रुत थांबावे कुठे ते सांगतो, डेलॉर्म आरंभ कुठून करावा ते सांगतो. पण नवशिक्याने दोघांचेही ऐकावे.

आमच्या नागपुरात ही शिकवण घरोघर नेली ती जनार्दनस्वामींनी. १९५१ मध्ये त्यांनी योगाभ्यासी मंडळ स्थापन केले. रामनगरात त्याचे ठिकाण आहे. संन्यासी माणूस, पण शिकविणे संसारी लोकांना, आणि तेही विनामूल्य. १९७८ मध्ये स्वामी गेले. त्यांच्या शिकवणीतून तयार झालेल्यांनी किती नागपूरकरांच्या पाठी सरळ केल्या, याची मोजदाद कोणी करावी?

माझे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. डॉक्टरांना पुन्हा विचारले, कारण रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचे दुखणे असलेल्याने हे विचारल्यावाचून करू नये. मधुमेहाची औषधे चालू असताना व्यायाम वाढविला तर साखर एकदम उतरू शकते. मग वस्तादांनी मला जमिनीवरून उठवून भिंतीपाशी नेले. हातभर अंतरावर उभे राहून भिंतीवरच जोर काढावयाचे. बैठक म्हणजे खुर्चीवर बसणे आणि हात न टेकता उठणे. आठ वेळा, थोडे थांबून पुन्हा आठ वेळा. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये विसावा. जागतिक आरोग्य संघटनाही २०१० पासून प्रौढांना हेच सांगते की, आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि निदान दीडशे मिनिटे झपझप चालण्यासारखे श्रम करावेत. दुसऱ्या दिवशी मांस दुखले तर हरकत नाही. सांधा दुखला, छातीत दाटले किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबावयाचे. जोर लावताना श्वास कोंडावयाचा नाही, सोडावयाचा. कोंडला की रक्तदाब उसळतो.

पिलाटिसचे धडे मी शेजारच्या एका शिक्षिकेकडून शिकलो. उताणे पडून, गुडघे वाकवून, श्वास सोडताना बेंबी कण्याकडे ओढावयाची आणि एक पाय सावकाश उचलावयाचा. दिसावयास अगदी पोरखेळ, पण पाचव्या वेळी माझ्या कपाळावर घाम आला. हाडे ठिसूळ झालेल्यांना मात्र तिने पाठ गोल करून उठण्याचे प्रकार वर्ज्य केले होते.

जेवण पुन्हा वाढविले, पण बदलून : वरण दाट, ताटात उसळ, रात्री एक पेला दूध, भात निम्मा. वजन महिन्याला दोन किलोच्या आतच उतरे. आरंभी मला ते अपमानास्पद वाटे. वर्षभराने काट्यावर ७९ आले आणि जिन्यावर मी मुलांच्या पुढे होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पहाटे साडेपाचनंतर काही करणे नाही, हा नियम मी आपल्या मनाने घातला; वाग्भटाला ४५ अंशांची कल्पना असती तर त्यानेही घातला असता.

परवा जोडी पुन्हा माळ्यावरून काढली, पुसली, आणि वस्तादांना दाखवावयास नेली. त्यांनी एक मुद्गल हातात घेऊन तोलली, माझ्या खांद्याकडे पाहिले आणि परत दिली.

"देवदिवाळी होऊ द्या, गुरुजी. मंग पाहू. आणि तेव्हाबी एकच."