शेजारच्या रंगाचे ऋण

आधुनिक चित्रकलेवरील विज्ञानाच्या प्रभावाचा मागोवा घेताना प्रथम पॅरिसमधील एका रंगशाळेत जावे लागते. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मिशेल-युजीन शेव्रल यांची गोब्लँ या शाही टॅपेस्ट्री-कारखान्यात रंगाई विभागाचे संचालक म्हणून नियुक्ती झाली. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांतील काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तेथे तक्रार होती. शेव्रल यांनी तपासले, तेव्हा रंगात खोट आढळली नाही. काळ्याचे तेज हरपत होते ते निळ्याच्या संगतीमुळे. प्रत्येक रंग शेजारच्या रंगावर आपल्या पूरक रंगाची छटा चढवतो, हा नियम त्यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला.

जॉर्ज सरा या तरुण चित्रकाराने शेव्रल वाचला. ऑग्डेन रूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचा १८८१ मध्ये फ्रेंचमध्ये आलेला ग्रंथही अभ्यासला. रंगपाटीवर कालवलेले रंग मळतात. तेव्हा शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवावेत आणि मिश्रण प्रेक्षकाच्या डोळ्यावर सोपवावे, ही त्याची धारणा. १८८६ मध्ये प्रदर्शित झालेले 'ग्रांद जात बेटावरील रविवारची दुपार' हे सुमारे दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद चित्र या धारणेची कसोटीच होते.

सिद्धान्त या कसोटीस कितपत उतरला? ठिपके डोळ्यात पूर्णपणे मिसळत नाहीत. नेहमीच्या अंतरावरून ते वेगळे जाणवतात आणि चित्र थरथरल्यासारखे भासते. शिवाय त्याने वापरलेला जस्ताचा पिवळा रंग काही वर्षांतच तपकिरी पडला. प्रकाशाच्या शास्त्राने जे दिले, त्यातले काही रंगद्रव्याच्या रसायनाने हिरावून घेतले. कामीय पिसारो यांनी ही पद्धत काही वर्षे अनुसरली आणि मग सोडून दिली.

तरीही हा प्रयोग वाया गेला नाही. १९१२ च्या सुमारास रोबेर दलोने यांनी खिडक्यांच्या चित्रमालिकेत शेव्रलचाच 'समकालिक' हा शब्द उचलला, आणि त्या चित्रांत वस्तू जवळजवळ विरून रंगांचे परस्परसंबंध तेवढे उरले. विज्ञानाने चित्रकाराला हुकमी कृती दिली नाही. रंग ही वस्तूची खाजगी मालमत्ता नाही, एवढे मात्र शिकवले. शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दाने पालटताना रोज पाहणाऱ्या आपणा साहित्याच्या अभ्यासकांना हे सत्य परके वाटू नये.