चित्रकथांतले वीर आणि शंकेखोर वाचक

कीर्तन संपतं, आरती होते, तरी मंडळी लगेच घराकडे वळत नाहीत. दोघे-चौघे पारावर बसून वाद घालतात. इंद्रानं कवचकुंडलं मागून नेली नसती, तर अर्जुनाचं काय झालं असतं? बुवांनी ते सांगितलेलं नसतं; पण श्रोत्याला ते हवं असतं. गोष्ट मनाला भिडली म्हणजेच तिच्याविषयी शंका सुचतात. न आवडलेल्या गोष्टीला कोणी प्रश्न विचारीत बसत नाही.

अशाच शंकेखोर वाचकांचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडायचा आहे. तो घडला अमेरिकेत, आणि तोही ज्या पुस्तकांकडे तिथली शिक्षक-पालक मंडळी नाक मुरडून पाहत, अशा दहा सेंटांच्या चित्रकथांच्या बाबतीत.

१९३८ साली ‘सुपरमॅन’ हा अचाट शक्तीचा वीर छापून आला. त्याचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंड शहरातले दोन तरुण. या वीराचे सारे हक्क त्यांनी प्रकाशकाला विकले ते १३० डॉलरना! पुढच्याच वर्षी ‘बॅटमॅन’ आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सीगल हा आधी वाचक होता. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये काढलेल्या विज्ञानकथांच्या मासिकात वाचकांची पत्रं पत्त्यासह छापली जात. ते पत्ते पाहून वाचक एकमेकांना पत्रं लिहू लागले, आणि काहींनी आपली चिमुकली मासिकं काढली. सीगलनं तसं एक काढलं होतं. न्यूयॉर्कच्या ज्यूलियस श्वार्ट्झनंही काढलं होतं, आणि हाच श्वार्ट्झ १९४४ मध्ये चित्रकथांचा संपादक झाला.

मध्यंतरी या धंद्याला वाईट दिवस आले. १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम या मानसचिकित्सकानं, चित्रकथांनी मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. सिनेटच्या उपसमितीपुढे चौकशी झाली, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कडक नियमावली लादून घेतली. बहुतेक जुने वीर तर त्यापूर्वीच बंद पडले होते. १९५६ मध्ये श्वार्ट्झनं त्यांतल्या ‘फ्लॅश’ नावाच्या चपळ वीराला नव्या रूपात आणलं. आता अडचण अशी, की जुना फ्लॅश निराळा, नवा निराळा. मग जुना गेला कुठं? १९६१ मध्ये उत्तर छापून आलं : पृथ्व्या दोन आहेत, जुने वीर एकीवर, नवे दुसरीवर! वाचक खूष झाले, आणि लगेच विचारू लागले, मग अमुक गोष्ट कुठल्या पृथ्वीवर घडली? शंकेला उत्तर दिलं की तिला पिलं होतात. पृथ्व्या वाढत गेल्या. शेवटी १९८५-८६ मध्ये बारा अंकांची एक प्रचंड कथा लिहून प्रकाशकांना त्या साऱ्या पृथ्व्या एकत्र कराव्या लागल्या.

या शंकेखोरांना एकत्र आणलं कोणी? शिक्षकांनी! जेरी बेल्स हे डेट्रॉइटच्या विद्यापीठात विज्ञान शिकवीत. रॉय थॉमस हे मिसूरीत इंग्रजीचे तरुण शिक्षक. १९६० मध्ये दोघांचा पत्रव्यवहार जमला. मार्च १९६१ मध्ये बेल्सनी ‘ऑल्टर-इगो’ हे पत्रक काढलं, तेही शाळेत प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढाव्यात तशा साध्या यंत्रावर. त्याच सुमारास श्वार्ट्झनं चित्रकथांतही वाचकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली, आणि देशभर विखुरलेल्या वाचकांना आपण एकटे नाही हे उमगलं. थॉमस पुढे १९६५ मध्ये मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत गेले, आणि १९७२ मध्ये तिचे मुख्य संपादक झाले. मार्व्हलचे स्टॅन ली यांची रीत मोठी गमतीची. कथेतली चूक दाखवून, ती मुळात चूकच कशी नव्हे हे जो वाचक पटवून देई, त्याला ते बक्षीस म्हणून एक रिकामं पाकीट पाठवीत!

आता एक नमुना पाहू. १९७३ मध्ये ‘स्पायडरमॅन’च्या कथेत एक दुष्ट माणूस नायकाच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, उंच पुलावरून ढकलतो. नायक आपला चिवट तंतू फेकून तिला मध्येच अडकवतो. पण वर ओढून घेतो तेव्हा ती मेलेली असते. ती कशानं मेली? चित्रात तिच्या मानेजवळ ‘कट्’ असा आवाज बारीक अक्षरांत दाखवला होता. वाचकांची पत्रं आली. काही महिन्यांनी पत्रांच्या पानावर संपादकांनी कबूल केलं की, एकदम थांबण्याच्या हिसक्यानंच तिचा जीव गेला. विहिरीत वेगानं सुटलेला पोहरा दोर आवळून एकाएकी थांबवला, तर दोर तुटतो. हळूहळू आवळला, तर टिकतो. तोच हा न्याय. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनी पुढे हेच उदाहरण घेऊन विद्यार्थ्यांना बल आणि वेळ यांचा संबंध शिकवला. वाचकांच्या तक्रारीतून असा विज्ञानाचा पाठ निघाला.

पण या चौकसपणाचं सर्वांत मोठं फळ वेगळंच आहे. बॅटमॅनच्या कथांवर वर्षानुवर्षं एकच नाव छापलं जाई, बॉब केन यांचं. करारच तसा होता. वास्तविक पहिली कथा बिल फिंगर यांनी लिहिली होती. तो काळसर वेष, तो झगा, गॉथम हे नगरीचं नाव, यांतलं पुष्कळसं त्यांनीच सुचवलेलं. कोणत्या कथेचा खरा लेखक कोण, याचा शोध घेता घेता बेल्स फिंगरपर्यंत पोचले, आणि १९६५ मध्ये त्यांनी लेख लिहून हे उघड केलं. केन यांनी रागावून त्याचा इन्कार केला. फिंगर १९७४ मध्ये, सामान्य वाचकाला अपरिचित असेच, वारले. पण लेख राहिला. १९८९ च्या आत्मचरित्रात केन यांनीच फिंगर यांच्या श्रेयाची कबुली दिली, आणि २०१५ मध्ये बॅटमॅनच्या प्रकाशकांनी फिंगर यांचं नाव अधिकृतपणे घालण्याचं जाहीर केलं. त्या लेखाला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. सीगल आणि शुस्टर यांनाही १९७५ मध्ये निवृत्तिवेतन मिळालं, आणि सुपरमॅनवर त्यांची नावं पुन्हा आली.

याला दुसरी बाजूही आहे. १९८८ मध्ये बॅटमॅनचा तरुण साथीदार जेसन टॉड वाचकांना नकोसा झाला होता. प्रकाशकांनी दोन टेलिफोन क्रमांक छापले : एक तो जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. प्रत्येक फोनला पन्नास सेंट. मुदत छत्तीस तास. मरावा म्हणणारे फोन आले ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१. बहात्तर फोनांनी जेसन मेला. त्यांत काही फोन एकाच यंत्रानं पुनःपुन्हा लावले असावेत, असं संपादकांच्याही कानावर नंतर आलं. पुढे २००५ मध्ये लेखकांनी त्याला परत जिवंत केलं, हा भाग निराळा.

मंडळी, पत्र लिहिणाऱ्याला कारण द्यावं लागे. मागची पानं चाळावी लागत, पुरावा काढावा लागे, आणि संपादकालाही त्याला उत्तर द्यावं लागे. फोन करणाऱ्याला फक्त आकडा फिरवायचा होता. आवडनिवड दोन्हीकडे होती. विचार मात्र एकीकडेच लागला. जेसनच्या मरणातून कोणाला काही शिकायला मिळालं नाही. ग्वेनच्या मरणातून मिळालं.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. एखादा मुलगा गोष्टीतल्या वीराविषयी आडवेतिडवे प्रश्न विचारू लागला, तर त्याला गप्प बसवू नका. तुला असं का वाटतं, एवढंच विचारा, आणि कारण द्यायला लावा. ही गोष्ट मुळात लिहिली कोणी, हाही प्रश्न त्याला सुचू द्या. या एका प्रश्नानं बिल फिंगर यांचं नाव परत आणलं.