बिडाच्या नळांचा प्रवास

मासवण गांवाजवळून वाहणारी सूर्या नदी पुढें वैतरणेस मिळते, आणि वैतरणा समुद्राकडे जातांना लोहमार्गाच्या पुलाखालून जाते. आगगाडींतून तो ओलांडतांना येथील पहिला पूल उभारणारांची आठवण आपणांस सहसा होत नाहीं. झालीच तर इंजिनियरांची होते. परंतु ज्यांनीं लोखंडाच्या सुट्या भागांची प्रतवारी केली, ते बांधले, मोजले व उतरवून घेतले, त्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत. त्यांच्या कामाकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनी १८५५ सालीं स्थापन झाली. तिच्या किनाऱ्याकडील मार्गास नद्या व खाड्या पावलोपावलीं आडव्या येत. कंपनीचे सल्लागार इंजिनियर कर्नल जॉन पिट केनेडी यांनीं प्रत्येक नदीसाठीं निराळा पूल न आंखतां साठ फुटांचा एकच गाळा ठरविला: खालीं बिडाच्या ओतीव नळांचे खांब, वर वॉरेन पद्धतीच्या तुळया. नदी रुंद असेल तर गाळे अधिक, इतकाच भेद. हें लोखंडकाम विलायतेंत तयार होऊन जहाजानें येई. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. तत्पूर्वीं जहाजांस आफ्रिकेस वळसा घालावा लागे.

आतां बिडाचा स्वभाव पाहूं. भार सोसण्यांत तें बळकट, पण आघातापुढें ठिसूळ. घडीव लोखंड वांकतें, बीड तडकतें. म्हणून ओतीव माल रवाना करतांना वजनाआधीं जात पाहावी लागते. कोणता नग उघडाच रचावयाचा, कोणाच्या कडेखालीं लाकूड द्यावयाचें, कोणते बोल्ट पेटींत घालावयाचे, कोणत्या घासलेल्या बाजूस खाऱ्या हवेपासून जपण्यासाठीं चरबी माखावयाची, हें सारें आधींच ठरलें पाहिजे. माल उतरल्यावर, आपण कुंभाराचें मडकें वाजवून घेतों, तसा नग हातोडीनें वाजवून पाहतात. खणखणीत नाद आला तर तो अखंड. बद्द आवाज आला तर आंत तडा आहे असें समजावें.

एकसारखेपणाचें खरें मोल येथेंच कळतें. प्रत्येक भाग निराळा असता, तर एक फुटतांच दुसरा येईपर्यंत काम महिनोन्महिने अडून राहिलें असतें. सर्व सारखे असले, म्हणजे एका नदीवर फुटलेला नग दुसऱ्या नदीच्या ढिगांतून भरून काढतां येतो. १८६४ च्या नोव्हेंबरांत मार्ग मुंबईस येऊन पोहोंचला, त्यांत या हिशेबाचा वांटा लहान नव्हे.

मात्र सर्व नद्या सारख्या नसतात. भडोचजवळ नर्मदेच्या पुरांनीं या पद्धतीच्या पुलास वारंवार तडाखे दिले, आणि अखेर १८८१ सालीं तेथें नवा पूल खुला झाला. नगांची प्रतवारी बिनचूक साधली, प्रवाहांची साधली नाहीं. पण हा दोष आंखणाराचा, नग मोजणाराचा नव्हे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून आज माल बाहेर पडतो, तेव्हांही त्याची सुरक्षितता अशाच एखाद्या अनामिक माणसाच्या हातावर व कानावर अवलंबून असते. त्याच्या कामास हलकें लेखणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.